मित्राला कुणी काही शिकवलेलंच नसतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलांच्या चिंताविकाराबद्दल आता वर्तमानपत्रांतून बरंच छापून येतं, ही चांगली गोष्ट आहे. पण ते लिहिलेलं असतं पालकांसाठी, नाहीतर शिक्षकांसाठी. तेरा ते अठरा वयाची मुलं आपली धास्ती पहिल्यांदा बोलून दाखवतात ती बहुधा बरोबरीच्या मित्राजवळ किंवा मैत्रिणीजवळ, आणि त्या मित्राला याबाबत कुणी काही शिकवलेलंच नसतं. तो जीव लावून मदत करतो आणि कित्येकदा नेमक्या त्याच मदतीने चिंता वाढते. यात त्याची चूक नाही. चिंतेचा कारभारच असा उलटा, की मायेपोटी पटकन जे करावंसं वाटतं ते बहुतेक वेळा तिच्या पथ्यावर पडतं. आम्ही या वयाच्या मुलांसोबत समुपदेशनाचं काम करतो. हे पत्र त्या मित्रमैत्रिणींसाठी आहे. मोठ्यांनी वाचून ते त्यांच्या हाती द्यावं.

तीव्र चिंता बाहेरून भीतीसारखी दिसेलच असं नाही. ठरलेला बेत आयत्या वेळी रद्द करणं, मेसेज वाचून दोन दिवस उत्तर न देणं, सोमवारी सकाळी पोट दुखणं, गटात बसल्यावर सतत मोबाईल चाळणं, क्षुल्लक कारणावरून चिडणं, अशी ती दिसते. मित्राला वाटतं, याला आपली किंमत उरली नाही. तोही मग बोलवायचं थांबवतो. इकडे चिंताग्रस्त मुलाला वाटतं, बघा, मी नकोसाच होतो. भांडण न होता, एकही कडू शब्द न बोलता मैत्री तुटते ती अशी. म्हणून पहिली गोष्ट सांगायची ती एवढीच की नकार आला तरी बोलावणं थांबवू नये. फक्त बोलावण्याची रीत बदलावी. ‘येणार ना नक्की?’ असं विचारलं की उत्तर देणं हीच परीक्षा होऊन बसते. त्याऐवजी ‘आम्ही पाच वाजता मैदानावर आहोत, साधारण तासभर, चौघं जण. जमलं तर ये, नाही जमलं तरी शनिवारी मी बोलावणारच आहे’ असं लिहावं. किती वाजता, किती वेळ, कोण कोण आणि मध्येच निघायचं झालं तर कसं, या चार गोष्टी आधी कळल्या की निम्मा भार उतरतो. ‘सरप्राईज’ मात्र देऊ नये, वाढदिवसाचंही नाही.

बेत रद्द होतो तेव्हा आत काय घडतं हे मित्राने समजून घेतलं, तर त्याचा राग बराच निवळतो. बेत ठरतो तेव्हा मन शांत असतं, त्यामुळे होकार खराच असतो. वेळ जवळ येते तशी छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात, मळमळतं. ‘येत नाही’ असं कळवलं की दोन मिनिटांत सगळं ओसरतं. ही सुटका मेंदूला इतकी गोड लागते की तो धडा गिरवून ठेवतो, टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आधीच, आणि जास्त जोरात येते. तिथे गेल्यावर प्रत्यक्षात काय झालं असतं, हे कळण्याची संधी मात्र प्रत्येक वेळी हुकते. चिंताविकार टिकून राहतो तो मुख्यतः या टाळण्याच्या चक्रावर. प्रेमळ मित्र नकळत या चक्राला हातभार लावतो. वर्गात तिच्या वतीने उत्तर देतो, तिच्या वतीने फोन करतो, ती जाणार नाही म्हणून आपणही जात नाही, शिक्षकांना तिच्यासाठी कारणं सांगतो. या मदतीने तो दिवस निभावतो, पण पुढचा महिना जड जातो.

याच जातीची, पण ओळखायला अवघड अशी दुसरी मदत म्हणजे पुन्हा पुन्हा दिलेली खात्री. ‘तू रागावली नाहीस ना?’ ‘मी काही विचित्र बोलले का?’ ‘नक्की ना?’ पहिल्यांदा आलेला प्रश्न खरा असतो, त्याला खरं आणि पूर्ण उत्तर द्यावं. तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा आला, तर आता चिंता बोलते आहे असं समजावं. दहाव्या ‘नाही गं, नाही रागावले’ने मिळणारा दिलासा पहिल्यापेक्षा कमी वेळ टिकतो आणि अकरावा प्रश्न लवकर येतो. एकदम उत्तर देणं बंद केलं, तर तोही घाव बसतो. त्यापेक्षा दोघींनी शांत वेळी बसून एक वाक्य आधीच ठरवून घ्यावं. ‘याचं उत्तर मी दिलंय आणि ते बदललेलं नाही. मी इथेच आहे. आता दहा मिनिटं थांबून बघू या.’ शब्द आपापले असावेत, पण दोघींच्या संमतीने ठरलेले असावेत. आयत्या वेळी एकतर्फी वापरलेलं तेच वाक्य झिडकारल्यासारखं लागतं. सुरुवातीचे काही दिवस प्रश्न कमी होण्याऐवजी वाढतात. याची कल्पना दोघींना आधी असावी, नाहीतर ‘उपाय फसला’ म्हणून तो नेमका नको त्या वेळी सोडला जातो.

आता पॅनिक अटॅकबद्दल, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याबद्दल. इथे मित्राला नेमकं काय करायचं ते पाठ असायला हवं, कारण त्या क्षणी विचार करायला सवड नसते. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोहोचतो आणि साधारण वीस-तीस मिनिटांत ओसरू लागतो. त्या वेळी मरण येतंय किंवा वेड लागतंय असं खरोखर वाटतं, ते नाटक नसतं. श्वास भराभर चालल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि ऑक्सिजन पुरेसा असूनही हवा पुरत नाही असं वाटतं. म्हणून ‘मोठा श्वास घे, अजून मोठा’ हा सर्वांच्या तोंडी असलेला सल्ला उलटा पडतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा, आणि भर बाहेर सोडण्यावर हवा. नाकाने चार मोजेपर्यंत आत, मग सहा मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. असं तीन ते पाच मिनिटं करावं. मित्राने मोजून दाखवण्यापेक्षा स्वतः तसा श्वास घेत बसावं. आकडे कानावर आदळले की काहींना आणखी दडपण येतं. चारही जास्त वाटले, तर तीन आणि चार करावेत.

बाकीची कृती साधी आहे. शेजारी बसा, समोर उभे राहू नका. घोळका करू नका. एकाने थांबावं, बाकीच्यांनी आपापल्या कामाला लागावं. हात धरण्याआधी विचारा, काहींना त्या वेळी स्पर्श सोसत नाही. बोलणं तुटक आणि संथ ठेवा: ‘हा अटॅक आहे. ओसरेल. मी बसलोय.’ प्रश्न विचारलाच, तर हो-नाहीत उत्तर देता येईल असा. ‘शांत हो’, ‘एवढं काय झालं’ ही वाक्यं वगळा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल, तर तो धोक्याचा ठरतो. मोबाईलवर चित्रीकरण तर कुणालाही करू देऊ नका. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाला जाणवणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, असं लक्ष बाहेर वळवण्याची युक्ती काहींना उपयोगी पडते, काहींना नाही. नाही पडली, तर आग्रह नको. शक्य असेल तर त्याच जागी किंवा दाराबाहेर बसून झटका ओसरू द्यावा आणि मग परत आत जावं, पाच मिनिटांसाठी का होईना. थेट घरी गेलं की ती जागा मेंदूच्या लेखी धोक्याची ठरते. आणि एक भेद पक्का लक्षात ठेवा. असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, शुद्ध हरपली, ओठ निळसर दिसले, दमा किंवा हृदयाचा त्रास आधीपासून असेल, धावताना-खेळताना छातीत दुखलं, किंवा अर्ध्या तासानंतरही उतार पडत नसेल, तर हा पॅनिकच आहे असं स्वतः ठरवू नका. मोठ्या माणसाला बोलवा आणि वैद्यकीय मदत घ्या.

यानंतर जे सांगायचं आहे ते ऐकून मुली, आणि मुलगेही, सगळ्यात जास्त चकित होतात. मन मोकळं करणं चांगलं, हे आपण सगळेच सांगतो. पण तेच ते पुन्हा पुन्हा उगाळणं वेगळं. तो असं का म्हणाला, त्याचा अर्थ काय असेल, पुढे आणखी काय बिघडेल, यावर रोज दोन-दोन तास बोलणं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ आणि सहकाऱ्यांनी ८१३ शाळकरी मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतराने तपासलं. अशा एकत्र उगाळण्याने मुलींची मैत्री आणखी घट्ट झालेली दिसली, आणि त्याच मुलींमध्ये चिंतेची व नैराश्याची लक्षणंही वाढलेली दिसली. मुलग्यांमध्ये मैत्री घट्ट झाली, लक्षणं मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. मैत्री सुधारते आणि प्रकृती बिघडते, तीही एकाच सवयीमुळे, म्हणूनच ही सवय घातक आहे असं कुणाच्या लक्षात येत नाही. उपाय म्हणून बोलणं बंद करू नये, त्याला बांध घालावा. वीस मिनिटं मनसोक्त बोलावं. मग एकच प्रश्न विचारावा: ‘यातलं उद्या करता येईल असं काही आहे का?’ असेल तर ते लिहून ठेवावं, नसेल तर विषय तिथे ठेवून उठावं. फेरी मारावी, चित्र काढावं, गणित सोडवावं, काहीही करावं. तोच विषय परत निघाला, तर ‘उद्याच्या वीस मिनिटांत’.

शब्दांवाचून केलेल्या सोबतीला आपण कमी लेखतो. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रौढांवर आणि विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. शाळकरी मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण चिंता मैत्रीकडून काय हिरावून घेते, ते यावरून समजतं. ती हे तास खाते. ते भरून काढायला मोठा समारंभ लागत नाही. समोरासमोर बसून डोळ्यांत बघत बोलणं जड जातं, तिथे शेजारी शेजारी चालणं सोपं जातं. फोन चालू ठेवून दोघांनी न बोलता आपापला अभ्यास करणं, एकत्र सायकल चालवणं, एखादं कोडं जोडणं, हेही तासच असतात.

पुढे जायची तयारी झाली की मग शिडी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्याकडे छोट्या पायऱ्यांनी जाणं. चिंतेवरच्या वर्तनोपचाराचा हा गाभा आहे आणि तीव्र त्रासात ती समुपदेशकाच्या मार्गदर्शनाखालीच चढावी. मित्राला मात्र त्यात मोलाचं काम आहे. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे. समजा, मधल्या सुट्टीत सात-आठ जणांच्या घोळक्यात बसणं ८० गुणांचं वाटतं. तर घोळक्यापासून दोन बाकांवर मित्रासोबत पाच मिनिटं बसणं ही ३० ची पायरी. घोळक्याच्या कडेला, न बोलता बसणं ४० ची. तिथेच एकाला एक साधा प्रश्न विचारणं ५० ची. मित्र समोरच्या बाजूला बसलेला असताना पूर्ण सुट्टी काढणं ६५ ची. मित्र यायच्या आधी पहिली दहा मिनिटं एकट्याने, ही ८० ची. सुरुवात ३०-४० वर करावी. एकच पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करावी. महिन्यातून एकदा केली तर दर वेळी ती नवीच वाटते. जाण्याआधी एका ओळीत लिहावं, ‘काय होईल असं वाटतंय’. आल्यावर खाली लिहावं, ‘काय झालं’. भीती शून्यावर येण्याची वाट बघू नये. ती असतानाही बसता आलं, हेच शिकायचं आहे.

शिडी फसते ती बहुधा दोन ठिकाणी. एक, पायरी फार उंच निवडली जाते, तीही मित्राच्या उत्साहापोटी. पायरी कुठली हे ज्याला त्रास आहे त्यानेच ठरवायचं. दुसरं कारण बारीक आहे: शरीराने तिथे असणं, पण मनाने लपलेलं असणं. कानात इअरफोन, नजर मोबाईलमध्ये, बोलायचं वाक्य मनातल्या मनात चार वेळा घोकणं, मित्राचा दंड घट्ट धरून ठेवणं. अशा आधारांमुळे वेळ निभावते, पण मन श्रेय त्या आधाराला देतं. ‘मोबाईल होता म्हणून वाचलो.’ श्वासाचा व्यायामसुद्धा असा ताईत बनू शकतो. म्हणून वरच्या पायऱ्यांवर एकेक आधार सोडायचा, आणि मित्र हाही त्यातलाच एक आधार आहे. शिडीवर मित्राने दर वेळी थोडं मागे सरकलं पाहिजे, आणि हे सांगून-सवरून झालं पाहिजे. न सांगता दूर गेलं, तर चिंताग्रस्त मूल त्याचा एकच अर्थ लावेल.

गटात बसलेल्या मुलाला वाटतं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असेल, असा त्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच लक्षात आलं. हे मित्राने त्याला सांगावं, पण वाद घालून नाही. वादात चिंता नेहमी जिंकते. ‘काल मी कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता, आठवतंय?’ असं विचारून बघावं.

आता मित्राच्या स्वतःच्या बाजूचं, आणि मोठ्यांनी हे लक्ष देऊन वाचावं. तेरा ते अठरा वयात ८ ते १० तासांची झोप लागते. रात्री एक वाजता फोन उचलणं हे मैत्रीचं कर्तव्य नव्हे. ‘साडेदहानंतर माझा फोन बंद असतो, सकाळी सातला पहिला मेसेज तुला’ असं सांगणाऱ्याने मर्यादा आखली आणि शब्दही दिला. मग तो सकाळी सातला पाळावाच. ‘तुझ्याशिवाय मला कुणीच नाही’ हे ऐकून भारावून जाऊ नये. हे वाक्य ऐकलं की दुसरं माणूस जोडून देण्याची वेळ झाली असं समजावं.

आणि गुपिताबद्दल. सगळं गुपित ठेवायचं वचन आधीच देऊ नये. जगणं नको वाटतंय, स्वतःला इजा केली आहे किंवा करणार आहे, कुणी छळ करतंय, खाणंपिणं सुटलंय, यातलं काहीही कानावर आलं की त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. धोका समोर दिसत असेल, तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि तातडीची मदत किंवा हेल्पलाइन गाठायची. सांगण्याआधी मैत्रिणीला म्हणावं, ‘हे मी एकटीने सांभाळू शकत नाही. मी ताईंना सांगणार आहे. तू येतेस माझ्यासोबत, की मी एकटी सांगू?’ ती रागावेल, कदाचित काही आठवडे बोलणार नाही. तरीही सांगावं. जीव द्यावा असा विचार मनात येतो का, असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते.

शिक्षकांनी एवढं करावं: ‘आपापले गट करा’ असं न म्हणता गट स्वतः पाडून द्यावेत, कारण चिंताग्रस्त मुलासाठी त्या दोन मिनिटांइतकं कठीण दुसरं काही नसतं. त्या एकाच मैत्रिणीला दर वेळी ‘तू तिच्याकडे बघ’ म्हणून नेमू नये. पालकांनी मित्राला बातमीदार करू नये.

उपचारांबद्दल मुलांच्या मनात बऱ्याच चुकीच्या कल्पना असतात, म्हणून थोडं सांगतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवर बारा आठवडे उपचार झाले. फक्त विचार-वर्तनोपचार (बोलण्यातून आणि सरावातून विचारांच्या व वागण्याच्या सवयी बदलणारे उपचार) मिळालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के मुलांत ठळक सुधारणा झाली, फक्त सर्ट्रालिन हे औषध घेतलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांत, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८१ टक्के आणि नुसती औषधासारखी दिसणारी गोळी मिळालेल्यांपैकी २४ टक्के मुलांत. म्हणजे हा त्रास बरा होऊ शकतो, पण एका आठवड्यात नाही. अशा औषधांचा गुण यायला कित्येकदा चार ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थपणा वाढू शकतो, आणि त्या काळात आत्महत्येचे विचार येत नाहीत ना, याकडे मोठ्यांनी बारकाईने लक्ष ठेवायचं असतं. गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात. मित्राने ‘कशाला गोळ्या घेतोस’ म्हणू नये आणि ‘घेतलीस का’ म्हणून पहारेकरीही होऊ नये. ते काम घरच्यांचं.

शेवटी एक प्रसंग, ज्याचं उत्तर मुलं आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारतात. मैत्रीण तीन आठवड्यांनी शाळेत परत येणार आहे, काय करू? आदल्या संध्याकाळी एक मेसेज: ‘उद्या फाटकाजवळ आठला दहा कमी असताना उभी आहे. जागा धरून ठेवते.’ वह्यांचे फोटो आधी पाठवून ठेवावेत, सगळ्या विषयांचे एकदम नाही, पहिल्या दिवशीच्या दोन तासांचेच. वर्गातल्या इतरांना एवढंच सांगावं की ‘कुठे होतीस’ हा प्रश्न आज कुणी विचारू नका. कारण सांगू नये, ते सांगायचा हक्क तिचा. तिने आधी विचार करून ठेवावा असं एक छोटं उत्तर मात्र असावं, ‘तब्येत बरी नव्हती, आता ठीक आहे’, कारण कुणीतरी विचारतंच. फाटकातून आत जाताना ती थांबली, तर ओढू नये, घाईही करू नये. तिच्यासोबत तिथेच उभं राहावं, घंटा वाजली तरी. आणि त्या दिवशी दोघींना उशीर झाला, तर शिक्षकांनी वर्गात कारण विचारू नये, एवढी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपले,
किशोरवयीन मुलांसाठी काम करणारे काही समुपदेशक